फ्रीजमधला खालचा कप्पा

लोकांची घाण मला नवी नाही. उभा जन्म लाँड्रीत गेला माझा. कॉलरवरचा मळ, बाहीला पुसलेलं नाक, चादरींवरचं तर काय काय, सगळं याच हातांखालून गेलंय. बायको नवऱ्याचा शर्ट काउंटरवर टाकते आणि कुणी न विचारता डाग कुठून आला ते सांगायला लागते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तिच्या पावतीवर आकडा घालायच्या आत ओळखायची.

म्हणून लोकांना वाटतं, हिला किळस कमी असणार. अगदी उलटं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची घाण चिवडली की स्वतःच्या घरात तिचा कण चालत नाही. आमच्या दोनच खोल्या, पण फरशीवर कुणी अनवाणी चाललं तर पाय चालण्याआधीपेक्षा स्वच्छ होतील. आणि अशा बाईच्या नशिबी सून कसली आली, तर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करणारी नर्स.

पोरगी वाईट नाही. काटकुळी, कमी बोलणारी, आणि हसू नये तिथे हमखास हसणारी. पण जेवायला बसली की हिच्या गोष्टी सुरू. अमक्याच्या पाठीवरची जखम आता छान लालसर भरून येतेय, तमक्याला तीन दिवसांनी शी साफ झाली. हातात घास, आणि तोंडावर असा आनंद की जणू कुणाचं लग्न ठरलंय. मी ताट घेऊन ओट्यापाशी जायची. मुलगा खाली मान घालून हसायचा, कारण त्याला सवय झाली होती. तो ट्रेलर चालवतो, महिन्यातले मोजके दिवस घरी असतो, त्याला काय जातंय हसायला.

मग नात झाली. तिचं नाव कागदोपत्री वेगळं आहे, मी तिला बोचकं म्हणते. लाँड्रीत कपड्यांचं गाठोडं बांधतात ना, तशीच गोल आणि तशीच गच्च. रजा संपत आली तेव्हा सुनेने डब्यातलं दूध पाजून बघितलं. अंगभर लाल गांध्या उठल्या, पोटातलं सगळं बाहेर आलं, लंगोटात रक्त दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं की मोठी होईपर्यंत हिला फक्त आईचं दूध, डब्याचं नाव काढू नका. आणि मुलाच्या एकट्याच्या कमाईत घर चालत नाही, हेही तितकंच खरं. म्हणजे बाईने दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबायचं आणि तिच्या अंगातलं दूध मात्र इथे माझ्या मांडीवर पोचवायचं.

तिने त्याची सोय लावली. पेशंटचं दुपारचं आटपलं की न्हाणीघरात जाऊन पंपाने दूध काढायचं, बाटलीत भरून त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवायचं, संध्याकाळी बर्फाच्या पिशवीत घालून घरी आणायचं. ते मी दुसऱ्या दिवशी बोचक्याला पाजायची. एखाद्या दिवशी काढायला जमलं नाही तर छाती दगडासारखी होऊन हिला ताप यायचा, आणि पुढचे दोन दिवस दूध कमी यायचं. कुणाच्या तरी फ्रीजमधल्या एका कप्प्यावर आमच्या पोरीचं पोट चालत होतं. ते मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

घरात माझा एक नियम होता. बाहेरून आलं की आधी आंघोळ, मग बाळ. हिच्या कपड्यांना जंतुनाशकाचा वास, त्याच्याखाली दुसरा एक आंबूस वास, तो मला दारातूनच यायचा. बोचक्याला किल्लीचा आवाज कळायचा. आई आत आली की ते आकांत मांडायचं, आणि आई सरळ न्हाणीघरात. मी त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, आत पाण्याचा आवाज, बाहेर याचा भोंगा. कधीकधी ती ओल्या केसांनीच धावत यायची आणि युनिफॉर्म तसाच बादलीत पडलेला असायचा. त्याच्या छातीवर दुधाचे दोन गोल डाग. मी ते थंड पाण्यात भिजवायची. दुधाच्या डागाला गरम पाणी लावलं तर तो पिवळा पडून कायमचा बसतो. नियमाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही तो सोडला नाही.

आता तिच्या पेशंटच्या त्या घराबद्दल. मोठं घर, आत शिरल्यावर चपला कुठे ठेवाव्या हे कळू नये इतकं मोठं. पेशंट म्हणजे एक आजोबा, त्यांचा पूर्वी कारखाना होता. झटका येऊन उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकात नळी. डब्यातली पावडर पाण्यात कालवून दुधासारखं पातळ अन्न करायचं आणि ते नळीतून सोडायचं. पाठीला मोठी जखम. कूस बदलणं, ड्रेसिंग, डायपर, सगळं आमच्या बाईसाहेबांकडे. घरात मुलगा आणि त्याची बायको. बायकोला मी न बघताच नाकवाली म्हणायला लागले, कारण सून सांगायची की ती सासऱ्याच्या खोलीत येते ती नाकाला रुमाल लावूनच, आणि उंबऱ्यातूनच विचारते, झालं का सगळं.

पहिल्याच दिवशी सुनेने तिला दुधाचं विचारलं होतं. नाकवालीने आधी तोंड वाकडं केलं, मग परवानगी दिली. पण खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या मागे, कुणाच्या नजरेस पडणार नाही असं. आणि बाहेरची बाटली माझ्या फ्रीजमध्ये नको, म्हणाली. सासऱ्याच्या अन्नासाठी काचेच्या बाटल्यांचा खोकाच आणला होता, त्यातली एक हिला दिली. आता एका फ्रीजमध्ये दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत पांढरं. सून डोक्याने शाबूत आहे. तिने आपल्या बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि वर ठळक लिहिलं, 'बाळाचं दूध'.

पुढे काही महिने बरे गेले. बोचकं बाळसं धरू लागलं. मग एक दिवस त्या घरी पाहुणे यायचे होते.

पाहुणे म्हणजे नाकवालीच्या माहेरची माणसं, आजाऱ्याला बघायला येणारी. सकाळपासून तिची झाडलोट चालू. फ्रीज आवरताना तिच्या हाताला ती बाटली लागली. एखाद्याने थंड पाणी घ्यायला फ्रीज उघडला आणि ते वाचलं तर काय म्हणतील, म्हणून तिने पट्टी सोलून काढली आणि बाटली वर, सासऱ्याच्या अन्नाशेजारी ठेवली. हे तिने त्याच दिवशी सुनेला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, लक्षात ठेवा.

सून तेव्हा औषधाच्या दुकानात गेली होती, ड्रेसिंगचं कापड संपलं होतं म्हणून. पाहुणे खोलीत जमले. आजोबांच्या मुलाला काय चेव आला कोण जाणे. एरवी बापाच्या खोलीत मोबाइलवर बोलत उभा राहणारा हा माणूस, पाहुण्यांसमोर म्हणाला की बाबांचं सगळं मीच करतो, नर्स आपली मदतीला. आणि बाह्या वर सारून, फ्रीजमधून बाटली आणून, सगळ्यांच्या देखत त्याने नळीतून बापाला जेवू घातलं. पाहुण्यांनी वाखाणलं म्हणे. आजकाल इतकं कोण करतं.

सून परत आली तर तिची बाटली मोरीत, रिकामी. अन्नाची बाटली जागच्या जागी, भरलेली. ती पाहुणे जाईपर्यंत गप्प राहिली. मग तिने दोघांना बोलावलं आणि सांगितलं की आजोबांच्या पोटात काय गेलंय.

मुलगा बेसिनकडे पळाला. ओकला. बापाच्या पोटात गेलं होतं आणि ओकला हा. नाकवालीने डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर हसले म्हणे, काही होत नाही म्हणाले. आजोबा निवांत होते. एरवी दर जेवणानंतर थोडं तरी वर यायचं, त्या दिवशी काही आलं नाही. पण नाकवालीने दुसरा फोन सुनेला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीला लावलाच. नर्सने स्वतःच्या अंगातली घाण आमच्या वडिलांना पाजली, बाटलीवर काही खूण नव्हती, आम्हाला काय माहीत.

घाण म्हणाली. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात बोचक्याचं लंगोट होतं, आणि ते त्या बाईपेक्षा स्वच्छ होतं. मला तिची इतकी शिसारी आली की त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही. मग राग काढायला जवळ सून होती, तिच्यावर काढला. कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला, म्हटलं. म्हातारा बोलू शकत नाही, मुलाला चव घ्यायची नव्हती, बाटली धुऊन ठेवली असतीस तर देवालाही कळलं नसतं.

ती बोचक्याला पाजत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्यांच्या पोटात काय गेलं ते सांगायला नको का? ते स्वतः सांगू शकत नाहीत."

मी लंगोट पिळलं.

एजन्सीने तिला घरी बसवलं. दोन-चार दिवस बोचक्याची मजा झाली, बोलावलं की आई हजर. मग एजन्सीच्या मोठ्या बाईंचा फोन आला. त्या घरी जाऊन सगळ्यांसमोर माफी मागायची, आणि कबूल करायचं की यापुढे कुठल्याही पेशंटच्या घरी दूध काढणार नाही, ठेवणार नाही. नाहीतर नाव कमी करू. कबूल केलं तर बोचकं उपाशी, नाही केलं तर घर. सुनेने मला सल्ला विचारला नाही आणि माझ्याकडे तो नव्हताही.

मी मात्र बरोबर गेले. बोचक्याला कुणाकडे ठेवणार, बाटली तर रिकामी होती. आणि खरं सांगते, मला त्या नाकवालीचं नाक बघायचं होतं.

दार उघडलं आणि मला वास आला. आधी फुलांच्या फवाऱ्याचा, डोकं दुखेल इतका. त्याच्याखाली मुताचा, जुन्या चादरीचा, आणि त्याच्याही खाली तो आंबूस गोडसर वास, जो सुनेच्या कपड्यांना पुसट यायचा. इथे तो पुसट नव्हता. लाँड्रीत असली चादर आली असती तर मी चिमट्याने परत केली असती. बदली नर्स एकच दिवस आली होती म्हणे, मग फिरकली नाही. आजोबांच्या खोलीचं दार लावून घेतलेलं, आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. कोंबलेला, मी नीट बघितलं. बापाचा वास बाहेर येऊ नये म्हणून.

मोठ्या बाई सोफ्यावर बसल्या होत्या, समोर नवरा-बायको. नाकवालीचं नाक अगदी साधं निघालं, रुमालामागे लपवण्यासारखं काही नव्हतं त्यात. मोठ्या बाई म्हणाल्या, बसा, आधी बोलून घेऊ. सून बसली नाही. तिने पायाने टॉवेल बाजूला सारला आणि दार उघडून आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. मग तिने आतून विचारलं, कूस बदलायला कुणी येतंय का.

मुलाने मोबाइल काढला. नाकवालीचा रुमाल वर गेला. मोठ्या बाई घड्याळाकडे बघू लागल्या.

आणि नेमकं तेव्हा बोचक्याला भूक लागली. त्याने पहिला सूर लावला तशी मी दारातून आत बघितलं. सून आजोबांना एकटीच वळवत होती, खांदा लावून, आणि तिच्या युनिफॉर्मवर ते दोन गोल डाग पसरत चालले होते. मूल बाहेर रडतंय, दूध आपोआप येतंय, आणि हात दुसऱ्याच्या पाठीत अडकलेले. ती तशीच थांबली, ओठ दाबून. म्हाताऱ्याला सोडलं असतं तर तो त्या जखमेवरच पडला असता.

मला इतका संताप आला की मी बोचकं उचललं आणि मोठ्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात वर केले, कुणी विंचू टाकल्यासारखे. धरा, म्हटलं, पडेल. आणि आत गेले.

त्या खोलीत काय होतं ते सगळं सांगत नाही. चादर पाठीला चिकटली होती एवढं सांगते. सुनेने मला हातमोजे दिले आणि कुठे धरायचं ते दाखवलं, कमरेखाली आणि खांद्यामागे. मी धरलं. म्हाताऱ्याचं अंग गरम होतं आणि हलकं, ओल्या ब्लँकेटपेक्षाही हलकं. मी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. सून मध्येच म्हणाली, आई, श्वास तोंडाने घ्या. तिने जखम धुतली, कापड भरलं, पट्ट्या मारल्या, ओली चादर एका बाजूने गुंडाळत काढली आणि कोरडी घातली. एवढा वेळ बाहेर बोचकं गळा काढून रडत होतं. म्हाताऱ्याचा डावा हात माझ्या बाहीला धरून होता. मी तो सोडवला नाही, तेवढा वेळच नव्हता.

झालं तसे तिने हातमोजे काढून टाकले, कोपरापर्यंत हात धुतले, बाहेर जाऊन मोठ्या बाईंच्या मांडीवरून पोर घेतलं आणि परत आत येऊन आजोबांच्या उशाशी असलेल्या खुर्चीत बसली. तिथेच पाजायला लागली. बोचक्याचा भोंगा थांबला. मोठ्या बाई दारात आल्या, त्यांच्यामागे ते दोघं. फटीतला टॉवेल गेला होता, चादर बदलली होती, खिडकी उघडी होती. नाकवालीने रुमाल खाली घेतला, दोनदा नाकाने श्वास घेऊन बघितला, आणि म्हणाली, "सिस्टर, मग उद्यापासून येताय ना?"

माफीचं नाव नाही. घाण म्हणालेली, त्याचं नाव नाही. मला वाटलं, हिच्या तोंडावर ती गुंडाळलेली चादर फेकावी.

सून म्हणाली, "बाटलीवरची पट्टी तुम्ही काढलीत हे आधी मॅडमना सांगा."

नाकवालीने मोठ्या बाईंकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. कुठली पट्टी, म्हणाली. नवरा जमिनीकडे बघत होता. आत बापाकडे त्याने एकदाही बघितलं नाही. पण चार दिवस त्या वासात तो जेवला होता, झोपला होता, आणि उद्या पुन्हा ते आपल्याच गळ्यात पडणार हे त्याला दिसत असावं.

"हिनेच काढली," तो म्हणाला. "पाहुणे यायचे होते."

नाकवालीने त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याच्या पुढच्या महिन्याची काळजी वाटली. मोठ्या बाई घसा साफ करून म्हणाल्या की झालं गेलं विसरूया, माफीची आता गरज नाही, मात्र दुधाचं काय ते ठरलंय. पेशंटच्या घरी नाही म्हणजे नाही.

"मग मी येत नाही," सून म्हणाली. आवाजही चढवला नाही. बोचकं चुपूचुपू पीत होतं.

मी मनात म्हटलं, गेलं. घर गेलं, नोकरी गेली. माझा मुलगा घरी आला की त्याला काय सांगू. मला तिचा अभिमान वाटायच्या आधी रागच आला. इतकं ताठ राहायचं होतं तर जखम कशाला धुतलीस, आधीच निघायचं होतं.

आजोबांचा मुलगा स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी काढून ओट्यावर आपटल्याचा. परत आला तो हातात दोन भोपळे घेऊन, त्यांचं काय करायचं हे न कळल्यासारखा. खालचा कप्पा मोकळा केलाय, म्हणाला, सिस्टर वाटेल ते ठेवू देत. मोठ्या बाईंना म्हणाला, आमची काही तक्रार नाही, घर आमचं आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमची तक्रार नसेल तर आमचं काय जातंय.

एवढं सोपं होतं. आमच्या पोरीच्या पोटाचा प्रश्न, रात्रंदिवस डोक्याला घोर, आणि त्या माणसाने दोन भोपळे उचलल्यावर सुटला. त्याला काही उमजलं वगैरे नव्हतं. चार दिवस बापाला हात लावायची पाळी आली होती, ती परत यायला नको होती, बास. परत जाताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजोबांकडे मात्र बघितलं. ते डोळे मिटून पडले होते, कोरड्या चादरीवर.

परतीच्या वाटेवर मी सुनेला विचारलं, उद्या खरंच जाणार का त्या घरी. ती म्हणाली, जखम अर्धी भरलेली उघडी पडलीय, आता परत पहिल्यापासून. जणू प्रश्न तोच होता. मग तिला हसू फुटलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, तुम्ही मॅडमच्या मांडीवर ठेवलंत तेव्हा हिने त्यांच्या साडीवर शी केली. मला कळलंच नव्हतं. त्या बाईला मी थंड पाण्याचं सांगायला हवं होतं, म्हटलं. गरम पाणी लावेल ती, बघ, डाग कायमचा बसेल.

घरी पोचलो तोवर बोचक्याला पुन्हा भूक लागली होती. मी सवयीने त्याला घ्यायला हात पुढे केले. सुनेने त्याला आपल्याकडे ओढलं.

"आई, आधी आंघोळ," ती म्हणाली. "तुमच्या अंगाला वास येतोय."

येत होता. बाहीला, केसांना, नखांत. मी टॉवेल घेतला आणि न्हाणीघरात गेले, दार लावलं, बादली भरायला लावली. बाहेर ती तशीच बसली असणार, त्याच युनिफॉर्मात, उंबऱ्यापाशी, माझ्या लख्ख फरशीवर. नियम मोडत. मला ओरडायला तोंड उघडायचं होतं. मी कान दिला. बाहेर रडणं नव्हतं. मी दुसऱ्यांदा साबण लावला आणि आणखी एक बादली भरायला लावली.